दाराखालची पायरी

मी एक जुनी, उंच, सात जणांना पोटात घेणारी गाडी आहे. मित्रांनो, गोड गोष्ट ऐकायची असेल तर पलीकडच्या त्या नव्या लाल गाडीकडे जा. माझं तोंड कडू झालं आहे.

कारखान्यातून निघाले तेव्हा माझ्या दारांखाली पायऱ्या होत्या. अण्णांनी मला पसंत केलं ते त्यांच्यामुळेच. "ताईला चढता येईल," एवढंच ते दुकानदाराला म्हणाले. ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण, गावाच्या दुसऱ्या टोकाला एकटी राहणारी. दर रविवारी अण्णा तिला माझ्यातून फिरवून आणत.

माझी दुखणीखुपणी अण्णाच बघत. पत्र्याची हिरवी हत्यारपेटी उघडायची, माझ्याखाली आडवं व्हायचं आणि विचारायचं, "काय गं, आज कुठे दुखतंय?" तेल बदलणं, फिल्टर फुंकणं, सैल आरसा आवळणं, सगळं तेच करत.

पुढे ताईने अंथरूण धरलं, अण्णांचे गुडघे गेले आणि स्टिअरिंग त्यांच्या मुलाकडे आलं. पोट सुटलं, केस उडाले, तरी घरात तो अजून बाळ्याच. रविवारी तो अण्णांना आत्याकडे सोडायचा. एक पाय पायरीवर, हात दाराच्या मुठीवर, की अण्णा हुश्श करून आत.

मग बाळ्याला जुनी गाडी घरच्या घरी नवी करायचे व्हिडिओ सापडले. आधी झगमगते दिवे आले, मग भलामोठा स्क्रीन. एका सुट्टीत त्याने मला जॅकवर चढवलं, स्प्रिंगांवर जाड चकत्या घातल्या, मोठे टायर बसवले. मी चांगली चार बोटं उंच झाले. पायऱ्या त्याला बावळट वाटल्या, म्हणून त्या खोलून कुंड्यांमागे टाकल्या. शेजारीपाजारी माझं कौतुक करून गेले.

रविवारी अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून आले. त्यांनी पाय उचलला, तो पोचेना. दुसरा उचलून बघितला.

"बाळ्या, पायरी कुठंय?"

"काढली, अण्णा. लूक जात होता. पुढच्या रविवारी मस्त नवी बसवतो. आज उचलून बसवू का?"

"मी काय पोतं आहे?"

"मग टॅक्सी मागवतो."

"गाडी दारात असताना?" अण्णा म्हणाले आणि घरात गेले.

पुढच्या रविवारी टपावर कॅरिअर आलं. त्याच्या पुढच्या रविवारी हॉर्न. सूनबाई म्हणाल्या, "अहो, आधी अण्णांचं तेवढं बघा ना." "लक्षात आहे गं," बाळ्या म्हणाला. लक्षात होतंच हो त्याच्या. हात तेवढा लागत नव्हता. ओट्यावर बसून अण्णा फोनवर सांगायचे, "गाडीचं काम चाललंय, ताई. झालं की येतोच." मला ते ऐकवत नसे. असे कितीतरी रविवार गेले. घरात सगळे म्हणू लागले, अण्णांनाच आता कुठे जावंसं वाटत नाही.

मग एका सकाळी फोन आला. ताई गेली होती.

बाळ्या धावत आला. इकडेतिकडे बघितलं, ती हिरवी पेटी ओढली आणि माझ्या दाराखाली पालथी घातली. अण्णांनी तिच्यावर पाय ठेवला, मूठ धरली आणि चढले. कुणाचा हातसुद्धा लागला नाही.

"चढता येत होतं मला, बाळ्या," अण्णा म्हणाले.

बाळ्याने स्क्रीन बंद केला.

आता माझ्या पायऱ्या परत बसल्या आहेत, नवा रंग लावून. मित्रांनो, तुमच्या जुन्या गाडीला जरूर नटवा, मला त्याचा राग नाही. पण पाना हातात घेण्याआधी घरातल्या सगळ्यांत थकलेल्या माणसाला एकदा तिच्यात चढायला सांगा, आणि त्याचं काम पुढच्या रविवारवर टाकू नका.

बाळ्या दर रविवारी त्या पायऱ्या पुसतो आणि विचारतो, "अण्णा, जायचं का कुठे?"

"कुणाकडे?" अण्णा विचारतात.