दोन बोटं रुंदीची पट्टी

काशीनाथ टिपणीसांनी सोसायटीचा सुक्या कचऱ्याचा डबा आडवा केला आणि आत कोपरापर्यंत हात घातला. तळाशी एक फाटकी पिशवी तेवढी होती. "अंकल, गाडी सुबह ही आके गई," वॉचमन म्हणाला. तरीही त्यांनी डबा उपडा करून झटकला.

ते शोधत होते फोटोची एक पट्टी, दोन बोटं रुंदीची. काल संध्याकाळी त्यांनीच ती कापून टाकली होती.

मीरा रोडच्या बेव्हर्ली पार्कातल्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या हॉलमध्ये आज चार वाजता त्यांचं प्रदर्शन उघडायचं होतं: 'आपली दोन स्थानके'. भाईंदर जुनं, मीरा रोड त्यामानाने अलीकडचं. इथे राहायला आल्यापासून जमवलेली वेळापत्रकं, कात्रणं, पुठ्ठ्याची तिकिटं आणि स्वतः आखलेले नकाशे. जन्मभर ड्राफ्ट्समनची नोकरी केलेल्या माणसाने जीव ओतून मांडलेला पसारा होता तो. उणीव एकच, जुन्या भाईंदर स्टेशनचा एकही फोटो त्यांच्याकडे नव्हता. तो दिला जिजाबाईंनी. उत्तनजवळच्या चौक गावच्या या कोळीणबाई पंचवीस वर्षं टिपणीसांच्या दारात मासळी घेऊन येत आणि लहानथोर सगळ्यांशी एकेरीतच बोलत.

फोटोत कौलारू स्टेशन होतं, तिकिटाची खिडकी होती, आणि उजव्या कडेला डोक्यावर टोपली घेतलेला, अर्धवट वळलेला एक माणूस. काशीनाथना तो मध्येच आल्यासारखा वाटला. फ्रेमही जरा अरुंद होती. स्कॅन करून घ्या, असं त्यांच्या सुनेने, संचिताने, दोनदा सांगितलं होतं. पण झेरॉक्सवाल्याकडे कोण हेलपाटा घालणार? त्यांनी पोलादी पट्टी लावली आणि ब्लेड फिरवलं. कड अशी सरळ आली की त्यांना स्वतःचंच कौतुक वाटलं.

आणि आज दुपारी जेवताना जिजाबाईंचा फोन आला.

"भाऊ, रसिकाला घेऊन येतेय. नातीला तिचा आजा दाखवायचा हाय."

टोपलीवाला म्हणजे त्यांचा नवरा, लीलाधर. कोळ्यांत पुरुषाने समुद्रावर जायचं आणि मासळी विकायला न्यायची बाईने. पुरुष टोपली घेऊन स्टेशनावर आला तर लोक हसत. पण तेव्हा जिजाबाईंना नववा महिना होता, म्हणून त्या एका दिवशी लीलाधरनेच टोपली उचलली. फोटोवाला स्टेशनाचा फोटो काढत होता, त्यात तो सापडला. चार महिन्यांत काविळीने गेला. त्याचा दुसरा फोटो नाही. हाही इतकी वर्षं वसईला नणंदेच्या पेटीत पडून होता. काशीनाथनी मागितला म्हणून जिजाबाईंनी तो मागवून घेतला आणि घरी कुणाला दाखवायच्या आधीच त्यांच्या हातात ठेवला. हे सगळं त्या हसत हसत सांगत होत्या आणि काशीनाथ ताटावरून उठून कचऱ्याच्या डब्याकडे जायला चपला शोधत होते.

जिजाबाई आल्याबरोबर दारातच सांगून टाकायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. पण त्या आल्या तेव्हा संघाचे सेक्रेटरी पाचसहा जणांना घेऊन काशीनाथच्या कामाचं कौतुक करत उभे होते. ठेवणीतलं लुगडं, केसांत अबोली, अशा जिजाबाई नातीचा हात धरून थेट फोटोपाशी गेल्या. काशीनाथ मागोमाग धावले, तोवर उशीर झाला होता. जिजाबाईंचं बोट तिकिटाच्या खिडकीवरून उजवीकडे सरकलं, फ्रेमच्या लाकडावर आलं आणि तिथेच थांबलं.

त्यांनी मान वळवून काशीनाथकडे एकदा पाहिलं. काशीनाथना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"कुठेत गं आजोबा?" रसिकाने विचारलं.

जिजाबाईंनी बोट मागे घेतलं.

"न्हाय गो. मीच चुकले. तो बाकड्यावर बसलेला, माझ्याजवळ. फोटूत आलाच न्हाय."

"अगं, पण बसमध्ये तर तू सांगत होतीस, डोक्यावर टोपली आहे म्हणून."

"पंचेचाळीस वर्सं झाली. म्हातारीला काय आठवतंय?"

"जिजाबाई..." काशीनाथ म्हणाले. पुढचे शब्द त्यांनी दुपारपासून दहादा घोकले होते. सेक्रेटरी जवळच उभे होते.

जिजाबाईंनी क्षणभर वाट पाहिली.

"स्टेशन चांगलं दिसतंय, भाऊ," त्या म्हणाल्या. बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर काशीनाथना जरा हलकं वाटलं असतं.

रसिका हिरमुसली होती. एवढ्या लांबून आलोय तर आजीचा तरी फोटो काढू, असं म्हणत तिने जिजाबाईंना फ्रेमच्या उजव्या बाजूला उभं केलं आणि मोबाइल वर धरला. काशीनाथ तिथेच घुटमळत होते. आता सांगतो, या बेताने ते एक पाऊल पुढे आले.

"काका, थोडं साइडला व्हा ना," रसिका म्हणाली. "फोटोत येताय."

काशीनाथ बाजूला झाले.