धोंडिराम सायकल मार्टचं शटर

मित्रांनो, आज या गल्लीत मला सगळे पत्रा म्हणतात. न्हाणीवरचा पत्रा. ऊन पडलं की तापायचं, पाऊस आला की वाजायचं आणि दुपारी शेजारचं मांजर झोपायला आलं की गप्प पडून राहायचं, एवढंच आता माझं काम. पण मी जन्मानं पत्रा नाही. मी शटर होतो. सोलापूरच्या बुधवार पेठेतल्या एका घराचं रुंद, निळ्या रंगाचं, चांगलं वजनदार शटर. माझी कहाणी गोड नाही, हे आधीच सांगून ठेवतो. गोड बोलणाऱ्यांनी माझं काय केलं तेही ओघात येईलच.

अक्कलकोट रोडवरच्या एका फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये मी तयार झालो. माझ्या पट्ट्या एकमेकींत अडकवल्या, वर रूळ आणि स्प्रिंगा बसवल्या, खाली हँडल जोडलं. मला घ्यायला आला तो धोंडिराम. तो चादरीच्या गिरणीत कामाला होता. गिरणी बंद पडली तेव्हा हाती आलेल्या थोड्याफार पैशांत त्यानं घराच्या पुढच्या खोलीत सायकलचं दुकान काढायचं ठरवलं. मला हातगाडीवर घालून तो स्वतः ढकलत घरी घेऊन आला. त्याची बायको भीमाबाई दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. मला बघून म्हणाली, "लई मोटं हाय की ओ! आपलं घर केवढं, ह्ये केवढं!"

"दुकानाचं तोंड मोटं पायजे," धोंडिराम म्हणाला.

त्यानं पेंटरला बोलावून माझ्या छातीवर पांढऱ्या अक्षरांत दोन ओळी लिहून घेतल्या. वर 'धोंडिराम', खाली 'सायकल मार्ट'. तेव्हापासून माझ्या आयुष्याला अर्थ आला असं मला वाटायचं. सकाळी तो एका हातानं मला वर ढकलायचा आणि मी सरसर वर जायचो. माझ्या खाचांना तो सायकलचं ग्रीस लावायचा, आणि ते इतकं मनापासून की भीमाबाई चिडवायची, "माज्या भाकरीला कदी एवढं तूप न्हाय लावलं." पंक्चर काढायला आलेली पोरं माझ्या सावलीत बसायची. रस्ता विचारणाऱ्याला गल्लीतले लोक सांगायचे, निळ्या शटरपासून डावीकडं वळा. मी मनातल्या मनात फुगायचो.

त्या काळातली एक रीत मात्र नीट ध्यानात ठेवा, कारण पुढं तिनंच आमचा घात केला. भीमजयंती जवळ आली की धोंडिराम दुकान बंद ठेवायचा, सायकली मागच्या बाजूला लावायचा आणि पुढची खोली मंडळाला मोकळी करून द्यायचा. खुर्च्या, सतरंज्या, साउंडचे बॉक्स, कमानीचे बांबू, सगळं माझ्याआड यायचं. गल्लीत एवढं रुंद तोंड दुसऱ्या कुठल्याच घराला नव्हतं. भाड्याचा विषयही कधी निघाला नाही. उलट सामान वाहणाऱ्या पोरांना भीमाबाई चहा पाजायची. त्या दिवसांत मी रात्रंदिवस वरखाली व्हायचो, पण थकवा जाणवायचा नाही.

पुढं गल्लीत घरोघरी मोटारसायकली आल्या. दुकान रोडावलं. मग धोंडिरामच गेला. त्याच्या माघारी सायकली विकल्या आणि पुढच्या खोलीत भीमाबाईची खाट आली. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर होतीच, तिच्या शेजारी धोंडिरामचा फोटो लागला. दुकानाचं घर झालं. फक्त मी तेवढा शटरचा शटरच राहिलो. भीमाबाईनं माझ्यावरचं नाव पुसू दिलं नाही. ओल्या फडक्यानं ती ते पुन्हा पुन्हा स्वच्छ करायची आणि करताना काहीबाही बोलत राहायची. ते बोलणं माझ्याशी नव्हतं, हे मला कळायचं.

एकदा नळावर पाय घसरून ती पडली आणि तिचा उजवा खांदा निखळला. बसवला, पण हात छातीच्या वर जाईना. त्यात माझ्या स्प्रिंगा ढिल्या झालेल्या, ग्रीस लावणारं कुणी नाही. मी जड झालो होतो. तिची मुलगी दीक्षा एका खासगी दवाखान्यात बिलाच्या काउंटरवर काम करायची. सकाळी कामाला जाताना ती मला वर करून जायची आणि संध्याकाळी आल्यावर खाली ओढायची. मधे दिवसभर भीमाबाईला मी ना उघडता येई ना मिटता येई. वर ठेवला तर वैशाखातली झळ, धूळ आणि भटकी कुत्री थेट खाटेपर्यंत. खाली ठेवला तर आत भट्टी, आणि म्हातारी कोंडलेली. स्वतःच्या घराचं दार स्वतःला उघडता येऊ नये, यापरती लाचारी नाही, मित्रांनो.

म्हणून तिनं एकच ध्यास घेतला. मला काढून तिथं लाकडी दार बसवायचं. डाव्या हातानं ढकललं तरी उघडेल असं हलकं, दोन फळ्यांचं. गल्लीतल्या बायकांच्या भिशीत तिनं त्यासाठीच नाव घातलं होतं. मला वाईट वाटलं का? वाटलं की. पण तिची ओढाताण मी रोज बघत होतो. सुतार येऊन माप घेऊन गेला आणि त्याच महिन्यात घरपट्टीचं बिल आलं.

बिल बघून दीक्षा खालीच बसली. आकडा कितीतरी पटीनं वाढला होता. त्याचं कारण मला आधीच कळलं होतं. मधे एकदा झळ लागते म्हणून दीक्षा मला खाली ओढून गेली होती, तेव्हा एक सर्व्हेवाला आला होता. रस्त्यावर उभा राहून त्यानं मोबाईलमध्ये माझा फोटो काढला, 'सायकल मार्ट' वाचलं आणि निघून गेला. त्यानं दार वाजवलं नाही, हाक मारली नाही. आत एक म्हातारी खाटेवर लसूण सोलत बसली होती. त्याच्या लेखी ती दुकानात बसली होती.

दीक्षा कर कार्यालयात गेली. तिथं सांगितलं, हरकत घेता येईल, पण आधी बिल भरा. मूल्यांकन चुकलेलं ठरलं तर परतावा मिळेल. न भरावं तर नळ तोडायची नोटीस. शेवटी भिशीचे पैसे उचलले, घरपट्टीत भरले आणि हरकतीचा अर्ज दिला. दाराचे पैसे माझ्यापायी गेले, आणि ते गेले म्हणून मी जाग्यावर राहिलो, आणि मी जाग्यावर म्हणून पुढच्या वर्षीही तेच बिल. या चक्रात कुणाचं काही चुकत नव्हतं म्हणे. सगळं नियमानं चाललं होतं.

"आई, सुनावणीच्या आधी निदान ते नाव तरी रंगवून टाकू," दीक्षा म्हणाली.

"नावाला हात लावायचा न्हाय."

"अगं, त्या नावावरनंच दुकान धरलंय त्यांनी."

"माजं कपाळ पुसलं, तेवढं बास झालं की. आता त्येंचं नाव बी पुसू व्हय?"

दीक्षा पुन्हा त्या विषयावर बोलली नाही. सुनावणीला तिनं खाटेचे, चुलीचे, तसबिरींचे फोटो नेले. साहेब वाईट नव्हते म्हणे. त्यांनी फोटो पाहिले आणि म्हणाले, मी स्वतः येऊन बघतो, मात्र कधी ते सांगणार नाही. मायलेकी खुशीत घरी आल्या. साहेब येऊन बघणार म्हणजे पैसे परत मिळणार आणि दार होणार. भीमाबाईनं सुताराला निरोपसुद्धा धाडला, लाकूड बाजूला काढून ठेव म्हणून.

आणि साहेब कधी आले? ऐन जयंतीच्या तोंडावर.

त्या दिवशी मी सताड वर होतो. आत भिंतीच्या कडेला छतापर्यंत खुर्च्या, साउंडचे बॉक्स, सतरंज्यांच्या वळकट्या. खाट उभी करून कोपऱ्यात टेकवलेली. भीमाबाई स्वतः सतरंजीवर बसलेली. धोंडिराम गेला तरी तिनं ती रीत मोडली नव्हती. साहेबांनी आत नजर टाकली आणि विचारलं, "हे सामान कुणाचं?"

आता इथं दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, आजच ठेवलंय, उद्या जाईल. पण तिला त्या गोष्टीचा केवढा अभिमान! ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, "मंडळाचं हाय सायेब. दरवर्षी हितंच असतंय. आमचं मालक होते तवापासनं. सगळ्या गल्लीला आमचंच घर!"

"दरवर्षी?"

"व्हय की! कदी नाय म्हटलं न्हाय आमी."

साहेबांनी लिहून घेतलं. तिनं दिलेलं सरबत ते पिऊन गेले. निकाल आला त्यात लिहिलं होतं की जागेचा वापर मंडपाच्या सामानाचं गोदाम म्हणून नियमित होतो. हरकत फेटाळली. परतावा नाही.

वर दाद मागायला अजून मुदत होती. त्यासाठी एकच गोष्ट हवी होती. मंडळानं लिहून द्यायचं की सामान आमचं आहे, चार दिवसांपुरतं असतं आणि घरवाले भाडं घेत नाहीत. मंडळाचा अध्यक्ष संघपाल. याच खोलीत चहा पिऊन वाढलेला, सायकल शिकताना मलाच येऊन धडकलेला. त्या धडकेचा पोचा तेव्हाही माझ्या अंगावर होता. भीमाबाईनं त्याला बोलावलं. तो लगेच आला, मिरवणुकीतली जिलेबीही घेऊन आला.

"देतो की मावशी, त्यात काय एवढं," म्हणाला. मग पायातल्या चपलेकडं बघत बोलला, "फकस्त मंडळाची नोंदणी झालेली न्हाय अजून. लिवून दिलं आन उद्या कुणी चौकशी लावली तर माज्या अंगावर येईल. औंदा निवडणुकीला उभा राहतोय मी, तुमाला म्हाईतच हाय. साहेबांशी तोंडी बोलतो मी. तुमी काळजी करू नका."

मुदत संपेपर्यंत तो बोलतच राहिला, आणि साहेबांशी सोडून सगळ्यांशी बोलला. शेवटी शेवटी दीक्षाचा फोनही उचलेना. माझ्या सावलीत ज्यांची आयुष्यं गेली त्यांतला एकही जण एक सही द्यायला पुढं आला नाही. मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

कार्यालयातल्या एका कारकुनानं दीक्षाला बाजूला घेऊन सांगितलं, मागचं विसरा, शटर काढून टाका, म्हणजे पुढच्या वर्षी घर म्हणून लावून देतो. तेव्हा मायलेकींनी वेल्डरला बोलावलं. त्याची मजुरी द्यायलाही हातात काही नव्हतं, म्हणून माझा रूळ, स्प्रिंगा, खाचा आणि खालचा निम्मा भाग त्यानंच नेला. वरचा, नावाचा तुकडा तेवढा भीमाबाईनं मागून घेतला. घराबाहेरच्या उघड्या न्हाणीवर तो उताराला बसवला. उतार रस्त्याकडं होता, त्यामुळं दोन्ही ओळी येणाऱ्याजाणाऱ्याला दिसायच्या. तिला तसंच हवं होतं.

आणि दाराच्या जागी? दाराच्या जागी एक सोलापुरी चादर टांगली. धोंडिरामच्या गिरणीतली, जुनी, लाल. भीमाबाईनं डाव्या हातानं ती बाजूला सारून बघितली आणि म्हणाली, "ह्ये दार उगडतंय बग मला." दीक्षा हसली नाही.

पुढच्या जयंतीला संघपाल आला. चादरीकडं बघून म्हणाला, "मावशी, शटर काढलं व्हय? मग आता खुर्च्या कुटं ठेवायच्या?"

"तुज्या घरात," ती म्हणाली.

एवढ्यावर संपलं असतं तरी मी गप्प बसलो असतो, मित्रांनो. पण गेल्या हिवाळ्यात नवा सर्व्हे आला. नवा माणूस, हातात नवा मोबाईल. तोही रस्त्यावरच थांबला. त्यानं चादरीकडं पाहिलं नाही. त्याची नजर गेली माझ्याकडं.

"ह्ये शेड कधी बांधलं? सायकल मार्ट म्हणजे काय, काय विकता इथं?"

"न्हाणी हाय बाबा," भीमाबाई चादरीआडून म्हणाली. "आंगुळ करतो तितं. बग की आत येऊन."

तोवर फोटो काढून झाला होता. बायामाणसांच्या न्हाणीत कसं डोकवायचं, असं काहीतरी पुटपुटत तो पुढच्या घरी गेला. बिल आलं. वाढीव बांधकाम, व्यावसायिक शेड. आणि वापरणाऱ्याच्या रकान्यात छापलेलं, 'धोंडिराम सायकल मार्ट'.

दीक्षानं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. भीमाबाई चादर बाजूला सारून माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मग तिनं रंगाचा डबा आणायला सांगितला. डाव्या हातानं ती ब्रश फिरवू लागली, पण हात पुरला तो खालच्या ओळीपर्यंतच. 'सायकल मार्ट' गेलं. दीक्षा म्हणाली, "बास आई. वरची ओळ राहू दे. नुसतं नाव तर आहे."

"न्हाय. ती बी पूस," भीमाबाई म्हणाली. "मेलेल्या माणसाच्या नावानं अजून किती बिलं घेऊ मी?"

दीक्षा स्टुलावर चढली. आधी तिनं ओल्या फडक्यानं ते नाव स्वच्छ केलं, मग त्यावर ब्रश फिरवला. भीमाबाई खाली स्टूल धरून उभी राहिली, पण तिनं मान वर केली नाही.

मित्रांनो, तुमच्यातलं कुणी मोठं होऊन हातात टेप नाहीतर मोबाईल घेऊन घरं मोजायला निघेल. त्याला माझं एकच मागणं आहे. रस्त्यावरून फोटो काढायच्या आधी दार वाजवा. दार नसेल, नुसती चादर असेल, तरी थांबून हाक मारा. आत एक म्हातारी आहे, ती पहिल्याच हाकेला ओ देते.

हरकतीचा अर्ज दीक्षानं पुन्हा भरलाय. सुतारानं बाजूला काढलेलं लाकूड कुणी दुसऱ्यानं नेलं. आणि माझ्यावर आता एक अक्षरसुद्धा नाही. आता मी खरोखरच नुसता पत्रा आहे.