दमानं

अनंतरावांनी बटण दाबलं. पडद्यावरच्या माणसानं उडी मारून पलीकडचा कडा धरला, आणि कड्यानंच तोंड उघडून त्याला गिळलं.

"गेला," ते म्हणाले.

"परत?" स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून गवार मोडणाऱ्या अनसूयेनं मान वर न करता विचारलं.

"तो कडा नव्हताच. जनावर होतं. कड्यासारखं पडून राहिलं होतं."

खोलीत कूलर घरघरत होता आणि त्याच्या शेजारी ऑक्सिजनचं मशीन. मशीनची पारदर्शक नळी पलंगाच्या कडेनं वर जाऊन अनंतरावांच्या नाकाशी संपत होती. सेलूतल्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये त्यांनी उभी हयात कारकुनी केली. टेबल ऑफिसात होतं, पण ऑफिस जिनिंगच्या आवारात. खिडकी उघडली की कापसाची धूळ आत यायची, लावून घेतली की जीव उकडून निघायचा. ते खिडकी उघडी ठेवत. पुढं परभणीच्या डॉक्टरांनी उजेडासमोर फोटो धरून छातीतला पांढरा भाग दाखवला, तेव्हा अनसूयेला तो पिंजलेल्या कापसासारखा दिसला होता. तिनं तसं कोणाला बोलून दाखवलं नाही.

मशीन घरात आलं त्याच सुमारास मुलगाही आला. अवधूत पुण्यात गेम बनवणाऱ्या कंपनीत होता. नोकरी सोडून त्यानं मागच्या खोलीत टेबल टाकलं आणि एकट्यानं स्वतःचा गेम बनवायला घेतला. नातेवाईक विचारत, तेव्हा अनसूया "कॉम्प्युटरचं काम करतो घरून" एवढंच सांगे. मुलगा घरात होता, औषधाच्या वेळा सांभाळत होता, हे तिला पुरेसं होतं. त्या गेमवर मात्र तिचा राग होता. बाकीच्यांची मुलं घरी आली की आईबापाशी बोलत बसतात. हा वडिलांना जुना लॅपटॉप देऊन बसला होता आणि ते कुठं कुठं मरतात ते बघत होता.

गेममध्ये होता एका परक्या ग्रहावर कोसळलेला अंतराळवीर. आभाळ गढूळ तांबडं. त्याला डावीकडून उजवीकडं चालत जायचं होतं, लांब कुठं उतरलेल्या दुसऱ्या यानापर्यंत. वाटेत जमिनीच्या भेगांतून वाफ उसळायची, झाडं सापळ्यासारखी मिटायची, डोक्यावरून डंख मारणाऱ्या किड्यांचे थवे जायचे. पाठीवरच्या टाकीतली हवा कमी होत जायची. काही बोंडं फोडली की थोडी हवा मिळे, आणि काही फोडली की विष.

"इथं एक तरी बरी गोष्ट हाय का रे?" अनंतरावांनी विचारलं.

"न्हाई बाबा. माणूस येईल असं कोणी धरलेलंच न्हाई तिथं."

"मग हा कशाला गेला मरायला?"

"बघायला."

अनंतराव हसले. हसण्याचा खोकला झाला आणि खोकला लवकर थांबेना. अनसूया गवार टाकून उठली, पाठीवरून हात फिरवत राहिली. अवधूत मशीनवरचा आकडा बघत उभा होता.

मशीनच्या आवाजात काही ऐकू येत नसे, म्हणून अनंतराव गेम मुकाच खेळत. एका दुपारी त्यांनी अवधूतचे हेडफोन मागून घेतले. अवधूत बाहेर गेला होता. अनसूया ताक घेऊन आली, तर ते हात थांबवून नुसते बसलेले. पडद्यावरचा माणूस चढणीवर उभा होता. त्यांनी हेडफोन काढून तिच्यापुढं धरले.

"ऐक."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"ऐक तर."

तिनं ते कानाला लावले. वारा होता, खाली कुठंतरी काही खदखदत होतं, आणि या सगळ्याच्या पुढं, अगदी कानाशी, कोणी दम घेत होतं. आत जाताना बारीक शिट्टी. मग मध्येच अडखळणं, पायरी चुकल्यासारखं. मग सुटत सुटत बाहेर. हा श्वास उशाशी घेऊन ती कित्येक वर्षं झोपली होती. अंधारात तो ऐकू आला नाही की तिला जाग यायची.

ताकाचा पेला तसाच तिच्या हातात राहिला.

अवधूत आला तेव्हा ती दारातच उभी होती.

"हे तू कधी घेतलंस?"

त्यानं आधी वडिलांकडं पाहिलं, मग हेडफोनकडं.

"झोपलेले असताना. आणि... त्या दिवशी न्हाणीतून आले ना, तेव्हा."

"त्या दिवशी ते भिंतीला धरून उभे होते. मी पाठ चोळायले होते. आणि तू मोबाईल धरून उभा होतास?"

"मी पाणी आणलं होतं, आई."

"एका हातात."



"राहू दे गं," पलंगावरून अनंतराव म्हणाले. "इथं मला अंगण ओलांडवत न्हाई. तिथं डोंगर चढायलोय."

"तुमी गप बसा." तिचा आवाज चढला होता. "माणसाचा जीव घुसमटायलाय आणि लोकांनी तो करमणूक म्हणून ऐकायचा? काढ ते, अवधूत. आजच्या आज काढ. एवढासुद्धा ठेवू नको."

अवधूतनं काढलं. कुठूनसा दुसऱ्या कोणाचा श्वास आणून बसवला. तो धडधाकट माणसाचा होता, धावून आल्यासारखा. अनंतराव त्यानंतरही रोज दुपारी खेळत राहिले, हेडफोन लावून. ती त्यांना काही विचारत नसे आणि तेही काही सांगत नसत. किड्यांचे थवे असलेली घळ मात्र त्यांना शेवटपर्यंत ओलांडता आली नाही.

भाद्रपदात ते गेले. लाइट गेली की लागणारा भरलेला सिलिंडर आणायला अवधूत परभणीला गेला होता. सकाळपासून त्यांच्या ओठांवर निळसर झाक होती, पण तशी ती मधूनमधून असायचीच. ते उशीला टेकून बसले होते.

"चहा टाक थोडा," ते म्हणाले. "आलं जरा जास्त घाल."

ती आत गेली. आलं ठेचलं, पाणी उकळू दिलं, दूध घातलं, गाळलं. कप घेऊन ती बाहेर आली. मशीन चालू होतं, नळी नाकाशी होती, मान किंचित खिडकीकडं कललेली होती. तिनं दोनदा हाक मारली. मग कप खाली ठेवला आणि शेजारच्या सुलाबाईंना बोलवायला ती दारापर्यंत गेली.

येणारी-जाणारी माणसं म्हणाली, त्रासातून सुटले. कोणी म्हणालं, बायकोच्या हातात गेले, भाग्यवान. अनसूया तेही ऐकून घेत राहिली. हातात गेले नव्हते. ती आलं ठेचत होती, आणि ठेचण्याच्या आवाजात तिला काही ऐकू आलं नव्हतं. मुद्दाम आत पाठवलं की खरंच चहा हवा होता, हे विचारायला आता कोणी नव्हतं.

तेरावा झाला, पाहुणे पांगले. मशीन भाड्याचं होतं, ते माणसं येऊन घेऊन गेली. घर इतकं शांत झालं की अवधूत मागच्या खोलीतून पुढं आला तरी ती दचकायची. तो टेबलाशी बसायचा, पण काम करत नसे. गेम पुरा होत आला होता, तसाच पडून होता.

एके दिवशी जेवणं झाल्यावर ती त्याच्या दाराशी आली.

"तो आवाज हाय का तुझ्याकडं?"

कोणता, असं त्यानं विचारलं नाही.

"तू म्हणालीस म्हणून काढला, आई. मूळचं रेकॉर्डिंगपण पुसून टाकलं." त्यानं पुढच्या खोलीकडं पाहिलं. "बाबांच्या लॅपटॉपवर असंल. माझ्यातला काढू नको, म्हणाले होते मला. तुला सांगू नको, असंही म्हणाले."

अनसूया चौकटीला धरून उभी राहिली. म्हणजे ते रोज दुपारी तेच ऐकत होते.

"त्यातून वेगळा काढून देऊ का? मोबाईलवर ऐकता येईल तुला."

"नको." ती आत येऊन खुर्चीवर बसली. "त्यांच्या लॅपटॉपवरचं हे कसं चालवायचं, ते दाखव."

पहिले काही दिवस ती पहिल्याच भेगेत पडत राहिली. बोटं आखडलेली, नजर बटणांवर. पडली की श्वास मध्येच तुटे आणि तिचा हात छातीशी जाई. मग सगळं पहिल्यापासून. तांबडं आभाळ, तीच राख, तोच माणूस, पाठीवर टाकी. अवधूत शेजारी बसून सांगू लागला की ती म्हणे, "तू जा. मी बघते माझं."

ती सावकाश खेळे. अनंतराव घाईनं उड्या मारत. ती आधी उभी राहून बघे. कोणतं झाड कधी मिटतं, वाफ उसळण्याआधी जमीन कुठं फुगते, हवेची बोंडं कोणती आणि विषाची कोणती. सरळ वाटेवर चालताना श्वास जेमतेम ऐकू यायचा. चढ लागला की शिट्टी वाढायची, अडखळणं जवळ जवळ यायचं. मग ती माणसाला उभा करी आणि श्वास खाली बसेपर्यंत बटणाला बोट लावत नसे. टाकीतली हवा त्यातही कमी होत असे, पण तिला दुसरी रीत येत नव्हती. त्यांच्यासोबत बाजारातून येताना स्टेशनच्या रस्त्यावर ती अशीच थांबत असे, पिशवी या हातातून त्या हातात घेण्याचं निमित्त करून.

"दमानं," ती पुटपुटे. "अहो, दमानं. कोणी मागं लागलं न्हाई."

सुलाबाई एकदा वाटीभर साखर मागायला आल्या, हे बघून तशाच परत गेल्या. संध्याकाळी त्यांनी अवधूतला अंगणात गाठून हळूच विचारलं, "आईचं बरं हाय ना रे?"

"बरं हाय, काकू," तो म्हणाला.

किड्यांच्या घळीत ती पुष्कळदा मेली. थवा अंगावर आला की पळावंसं वाटे आणि पळालं की श्वास एवढा फुले की टाकी रिकामी होई. शेवटी तिच्या लक्षात आलं, की थवा हलणाऱ्यावरच येतो. ती माणसाला घळीच्या तोंडाशी खाली वाकवून बसवी, थवा डोक्यावरून जाऊ देई, मग चार पावलं टाकी आणि पुन्हा बसवी. घळ ओलांडली तेव्हा ती अवधूतला काही बोलली नाही. त्या रात्री मात्र ती पोटभर जेवली.

घळीपलीकडं पांढरं मैदान होतं आणि पार टोकाला काहीतरी चमकत होतं. तिनं लॅपटॉप तसाच ठेवला आणि मागच्या खोलीत गेली.

"शेवटी काय होतं यात?"

अवधूतनं खुर्ची वळवली. "यान सापडतं. पण ते मोडलेलं असतं. आत कोणी नसतं."

"मग?"

"हवा संपत आलेली असते. तो बसतो. तिथं संपतं."

"परत पहिल्यापासून न्हाई?"

"न्हाई. मेला की पहिल्यापासून. हे मरणं न्हाई, शेवट हाय."

ती थोडा वेळ त्याच्या टेबलावरच्या वायरी बघत राहिली. "त्यांना ठाऊक होतं?"

"विचारलं होतं त्यांनी. सांगितलं मी."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, चालतंय की. बसायला जरा बरी जागा दे त्याला." अवधूत पडद्याकडं वळला. "आधी तो राखेत पडायचा. मी मग दगड टाकला तिथं, त्यांच्या लॅपटॉपवरपण. सपाट, मोठा. समोर मोकळं दिसतं."

ती पुढच्या खोलीत आली, पलंगावर त्यांच्या जागी बसली, हेडफोन नीट लावले.

मैदानात अंगावर येणारं काही नव्हतं. ती माणसाला चालवत राहिली. चमकत होतं ते यानच होतं, कुशीवर कललेलं, दार उघडं. त्याच्यापर्यंत पोचल्यावर बटणं हळूहळू निकामी होत गेली. उडी मारता येईना, पळता येईना. फक्त पुढं जाता येत होतं, तेही पाय ओढत. यानाच्या पलीकडं तो दगड होता. माणूस त्याच्यापाशी गेला, एक हात टेकून वळला आणि बसला. समोर दूरवर मोकळी जमीन. आभाळाचा तांबडा रंग उतरत चालला होता.

श्वास झोपेतला होता. लांब आत, बारीक शिट्टी, अडखळणं, मग सुटत सुटत बाहेर. मग खंड. पुन्हा लांब आत. प्रत्येक खंड आधीच्यापेक्षा मोठा. अनसूया हलली नाही. तिनं बटणांवरचा हातसुद्धा उचलला नाही. एका खंडानंतर श्वास आला नाही. ती वाट बघत राहिली. वारा वाहत होता, माणूस बसलेला होता, मान किंचित कललेली. मग वाराही थांबला आणि पडदा काळा झाला.

तिनं हेडफोन काढून उशीवर ठेवले. लॅपटॉप मिटला. खुंटीवरचं धुतलेलं लुगडं घेतलं आणि न्हाणीत जाऊन कडी लावली.

सकाळची अंघोळ झालेली होती. दुपार टळत आली होती. पाणी पडल्याचा आवाज ऐकून अवधूत बाहेर आला.

"आई? पाणी तापवून देऊ का?"

"नको. गारच घेते."

तांब्यामागून तांब्या पडत राहिला, डोक्यावरून, मर्तिकाहून आल्यावर ओततात तसा. दारापाशी नंतर पावलं वाजली, गेली आणि परत आली.

ओल्या केसांनी तिनं कडी काढली, तेव्हा अवधूत खांद्यावर पंचा टाकून उभा होता. तिनं बादली पुन्हा नळाखाली लावली आणि बाजूला होऊन त्याला वाट दिली.