पहिला शेजारी

गेझीनाचा नवरा ओन्नो गेला, आणि चुकली ती मुलगी. ब्रेमेनला राहून राहून गावची रीत विसरली बिचारी. बापाने डोळे मिटताच तिने शहरातल्या अंत्यविधीवाल्यांना फोन लावला, आणि त्यांची काळी गाडी ओन्नोला घेऊन भर दुपारी गावातून गेली. त्यांच्या ऑस्टरवार्फ गावात मरणाची बातमी आधी उजव्या हाताच्या, म्हणजे पहिल्या शेजाऱ्याला द्यायची असते. मग तो दारोदार सांगत फिरतो, खांदेकरी जमवतो. इथे तो शेजारी म्हणजे हार्म. त्याने ती गाडी खिडकीतून पाहिली आणि पडदा ओढून घेतला.

आता काय म्हणावं या कर्माला! अख्ख्या गावाला ठाऊक, आणि तरी कुणालाच ठाऊक नाही. गेझीनाने चहा केला, तो निवला, पुन्हा केला. चिटपाखरू फिरकलं नाही. ज्याने गावातल्या प्रत्येक मेलेल्याला खांदा दिला, त्याला उद्या सकाळी भाडोत्री माणसं चाकाच्या गाड्यावरून ढकलत नेणार? मुलगी म्हणाली, नीट नेतात गं आई ती माणसं.

शेवटी डोक्याला रुमाल बांधून ती हार्मच्या दारात गेली. घरच्या बाईने स्वतः मागायला जायचं नसतं, पण आता कसली लाज. हार्मने दार उघडलं. अंगात काळा कोट होता. कालपासून घालून बसला होता म्हातारा.

"मला कुणी काही सांगितलेलं नाही," तो म्हणाला.

भांडायलाच तिने तोंड उघडलं होतं. पण तिच्या ध्यानात आलं, की आपणही ते अजून कुणाजवळ बोललेलो नाही.

"हार्म, आमचा ओन्नो गेला रे."

मग चौकटीला धरून ती जी रडली, ती रडलीच. हार्मनेही डोळे पुसले, जसं काही आत्ताच कळलं त्याला. टोपी चढवून, काठी टेकत तो घरोघर निघाला.

संध्याकाळी तो गेझीनाकडे आला. स्वतःला धरून पाचजण मिळाले होते, सगळे सत्तरीपुढचे. तरणे शहरात. पेटीला सहा लागतात.

"सहावा?" गेझीनाने विचारलं.

हार्मने कपात खडीसाखरेचा खडा टाकला. "सहावा ओन्नोच असायचा," तो म्हणाला.

रीत मोडली, नाक घासलं, आणि तरी नशिबी गाडाच. मग गेझीना उठली, ओन्नोचा काळा कोट काढला आणि अंगात चढवला. त्या गावात बाईने कधी खांदा दिलेला नव्हता.

"मधे राहा मग," हार्म हळूच म्हणाला. "तिथे भार कमी येतो."

"त्याची जागा कुठली होती?"

"डोक्याकडची. माझ्या बाजूला."

"तिथेच राहीन मी," गेझीना म्हणाली, आणि कोटाच्या लांब बाह्या दुमडायला लागली.