तेजोबाबांचं ताट

पेणजवळच्या खाडीकाठच्या एका गावात तेजोबाबांचा मुक्काम पडला आणि देवळामागच्या अंधाऱ्या खोलीत रीघ लागली. खोलीत पालथं पितळी ताट. त्याच्या मधल्या भोकावर पंजा ठेवायचा, बाबा "तेज प्रकट हो!" म्हणून गरजायचे आणि पंजा निखाऱ्यासारखा लाल व्हायचा. ज्याचा उजळला तो पुण्यवान! शाळकरी पोरं पुण्यवान निघाली, मापात मारणारा किराणावाला तर झगझगीत निघाला. मिठागरावर जन्म गेलेल्यांचे पंजे तेवढे काळे राहिले.

गोदूबाईचाही काळाच राहिला.

"माते, तुझ्या अंगी छाया आहे. तान्ह्या जिवाला शिवू नकोस. शांती करावी लागेल!"

घरात महिन्याचा नातू. गोदूबाई ओटीवर जाऊन बसली. पोर रडलं की तिचे हात पुढे व्हायचे आणि ती ते पदराखाली लपवायची. तिची सून पुतळी हे बघून चिडली. पोराला इस्पितळात सलाईन लावताना डॉक्टरीणबाईंनी त्याच्या तळहाताखाली असाच उजेड धरला होता. पंजा लाल झाला होता आणि आतली शीर काळ्या दोऱ्यासारखी दिसली होती. तिथे तर कुणी बाबा नव्हता!

दुसऱ्या दिवशी पुतळी सासूला घेऊनच त्या खोलीत शिरली.

"बाबा, आधी तुमची टाच ठेवा ताटावर."

"टाच? हा तेजाचा अपमान आहे!"

"का? पुण्य टाचेपर्यंत पोचलं नाय व्हय?"

लोक खदखदले. "ठेवा की, बाबा," मिठागराचा मुकादम काळुराम म्हणाला. बाबांनी नाइलाजाने टाच ठेवली. टाच ठार काळी! पुतळीने ताट उचललं, तर खाली पेटलेली बॅटरी आणि तिची वायर चटईखालून बाबांच्या मांडीखालच्या बटणापर्यंत गेलेली. तिने तीच बॅटरी गोदूबाईच्या कानामागे धरली. कानाची पाळी कोकमासारखी लालचुटूक झाली.

"आई, मीठ ओढून तुमच्या पंज्याला घट्टे पडलेत. जाड कातडीत उजेड अडकतो, पातळ कानातून पार जातो. डॉक्टरीणबाई सांगत होत्या, रक्त बाकीचे रंग गिळतं, लाल तेवढा सोडतं. डॉक्टर त्यावरूनच शीर शोधतात, बोटाला चिमटा लावून रक्तातला प्राणवायू मोजतात. पाप मोजायचं यंत्र अजून कुणी काढलं नाय!"

बाबा गर्दीत वाट शोधू लागले, पण दारात काळुराम उभा होता.

गोदूबाईचं तिकडे लक्षच नव्हतं. "मंग माझा नातू दे गो," ती म्हणाली आणि दोन्ही हात पसरून रडू लागली.

वाचकहो, बॅटरी तुमच्याही घरी असेल. अंधारात आपला कान, पंजा, टाच तपासून बघा. पण कुणा बाबाच्या सांगण्यावरून आजीला नातवापासून तोडू नका.