पुनर्विवाहाचं पान

वैजिनाथनं पडद्यावरची ओळ पुन्हा वाचली. मेळावा तोंडावर, चौसाळ्याच्या मंगल कार्यालयात वधू-वर बघायला सगळा समाज जमलेला, आणि कॉम्प्युटर म्हणतोय, प्रोग्रामात चूक आहे!

स्थळं जुळवायचा हा प्रोग्राम त्यानंच डीबेस नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहिला होता. डीबेस पडलं आळशी. एक ओळ वाचणार, समजून घेणार, मग पुढं सरकणार. गेल्या वर्षी जुळलेल्या स्थळांच्या चिठ्ठ्यांची वाट बघून माणसं वैतागून घरी गेली. म्हणून यंदा त्यानं औरंगाबादहून क्लिपर नावाचं सॉफ्टवेअर आणलं. ते अख्खा प्रोग्राम आधीच यंत्राच्या भाषेत नेऊन ठेवतं, मग कसा भरभर पळतो! पण क्लिपर बेटं लई चौकस. कधीच न चाललेली ओळही तपासतं.

चूक निघाली पुनर्विवाहाच्या भागात. "असलं पान नगं, लोक तोंडात शेण घालतील," असं मेळावा भरवणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष विठ्ठलराव, म्हणजे त्याचे सख्खे चुलते, मागंच गरजले होते. वैजिनाथनं तो भाग अर्धवट सोडला. डीबेस तिकडं फिरकलंच नाही, म्हणून निभावलं.

"पुसून टाक रं ते! कामून थांबला?" काका गुरकावले आणि मांडवात गेले.

शेजारी माहिती टाइप करत त्याची धाकटी बहीण बसली होती. शिवकांता. ऐन पंचविशीत विधवा झालेली. उद्या काका तिला दिराच्या घरी नेऊन सोडणार होते, जन्मभर राबायला.

"दादा," ती हळूच म्हणाली, "मी माजी बी माहिती भरली हाय."

 बापामागं वैजिनाथला काकांनीच वाढवलेलं. त्यांच्यापुढं त्यानं कधी ब्र काढला नव्हता. आता मात्र त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली. त्यानं अर्धवट भाग पुरा केला, मुख्य प्रोग्रामाला जोडला आणि क्लिपर पुन्हा चालवलं. एकही चूक नाही!

प्रिंटर करकरला. काका आले, पुनर्विवाहाच्या पानावर वरचंच नाव शिवकांताचं वाचून लालबुंद झाले. "काढ हे! आत्ताच्या आत्ता!"

यंत्रातून निघत नाही, असं ठोकून देता आलं असतं. काकांना काय कळणार होतं?

"निघतंय काका," वैजिनाथ म्हणाला, "पण मी काढणार न्हाई."

काकांनी कागद टराटरा फाडला. शिवकांता उठली, तडक माइकपाशी गेली आणि भरल्या मांडवात तिनं पुनर्विवाहासाठी आपलं नाव स्वतःच सांगितलं. 

मग मागून एक म्हातारी उठली. "बाई, माज्या लेकीचं नाव कुठं द्यायचं?"