खालच्या कप्प्यातला गारठा

मित्रांनो, मी एक जुना इन्क्युबेटर आहे. अंडी उबवणारा नव्हे, पेशी वाढवणारा. कारखान्यातून निघालो तेव्हा माझं दार लखलखत होतं आणि प्रयोगशाळेत येणारा-जाणारा माझं कौतुक करायचा. पुढे माझा पंखा कुरकुरू लागला. कपाळावरचा आकडा मात्र ऐटीत सदतीस अंश दाखवत राहिला. त्या आकड्याची मला लाज वाटते.

प्राणिसंग्रहालयात एक म्हातारी चिंपांझी आहे. तिला सगळे मावशी म्हणतात. तिला भूल देऊन दात काढला, तेव्हा डॉक्टरांनी तिच्या कातडीचा कणभर तुकडाही घेतला. तिला सांभाळणाऱ्या काकांनी लगेच बाही वर केली. "तिचं घेताय ना? मग माझंही घ्या."

आमच्या संशोधक ताईने त्या दोन तुकड्यांतल्या पेशींना जणू पुन्हा बाळ केलं. अशा पेशींना मूळपेशी म्हणतात. त्यांच्यापासून शरीरातली कुठलीही पेशी घडवता येते. ताई मेंदूच्या पेशी घडवत होती. माणसाची आणि चिंपांझीची जनुकं इतकी सारखी, मग मेंदू वेगळा कसा होतो, हे तिला शोधायचं होतं. त्यासाठी दोघांना अगदी सारखं वाढवायला हवं. नाहीतर संगोपनातला फरक जनुकांच्या माथी मारला जातो.

पण ताईचा मावशीवर भारी जीव. मावशीच्या पेशींच्या बशा कायम वरच्या कप्प्यात, काकांच्या खालच्यात. माझा पंखा थकलेला, त्यामुळे ऊब वरच साठायची आणि खाली गारठा. मला ते कळत होतं, तरी मी आपला सदतीस दाखवत राहिलो.

मावशीच्या पेशी भराभर वाढल्या, काकांच्या मागे पडल्या. माणसाचा मेंदू सावकाश घडतो, त्यामुळे प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांना हेच अपेक्षित होतं, म्हणून कुणी शंका घेतली नाही. शोधनिबंध छापायलाही गेला.

एकदा काका पाहायला आले. ताई हसत म्हणाली, "काका, मावशीने बाजी मारली. तुमच्या पेशी जरा मठ्ठच निघाल्या बघा!"

काकाही हसले. "शाळेत मास्तर हेच म्हणायचे. चौथीतच घरी बसवलं मला." मग दंडावरचा व्रण बाहीखाली झाकून ते निघून गेले.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ताईचंही हसू मावळलं. बशा काढायला तिने एक हात वर घातला, एक खाली, आणि ती तशीच थांबली. मग तिने दोन्ही कप्प्यांत थर्मामीटर ठेवले. ते पाहून ती सरांकडे गेली.

"सर, फरक जनुकांचा कमी आणि कप्प्यांचा जास्त आहे. निबंध परत घ्यावा लागेल."

"अगं, लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. चूक माझी आहे."

शेवटी सरांनीच निबंध छापणाऱ्यांना फोन लावला.

माझा पंखा बदलला. प्रयोग नव्याने सुरू झाला, आणि आता बशा रोज जागा बदलतात. फरक अजून दिसतो, पण अगदी थोडा. ताईने काकांना मुद्दाम बोलावून घेतलं.

"काका, तुमच्या पेशी मठ्ठ नव्हत्या. मीच त्यांना गारठ्यात ठेवलं होतं. चुकलं माझं."

काका खालच्या कप्प्याकडे बघत राहिले. "हे आता मास्तरांना कोण सांगणार, ताई?"

मित्रांनो, माझा आकडा आता खरा आहे, तरी मनातली टोचणी जात नाही. तुमच्या वर्गात कुणी मागे पडलं, तर त्याला नावं ठेवण्याआधी एवढं करा. त्याच्या कप्प्यात एकदा हात घालून बघा.